ऐंशी पिंपांवरचा डाग

धोंडूचा हात लागल्याशिवाय त्या गोडाऊनमधून पिंप बाहेर पडत नसे. असं काही कंपनीच्या कागदात लिहिलेलं नव्हतं, पण महाडच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कागद विचारतो कोण! दोनशे लिटरचं निळं पिंप, आत रंगाच्या कारखान्यांना लागणारं तांबडं पाणी. धोंडू आधी झाकणाभोवती तळहात फिरवायचा, मग वाकून बुडाची कड चाचपायचा आणि शेवटी पिंपाच्या अंगावर हात टेकून म्हणायचा, "जाऊ दे." हात कोरडा तर पिंप चांगलं, ओला तर पिंप बाजूला. इतक्या वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेलं एकही पिंप वाटेत गळलं नाही. पण हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

राहायला तो वरंधच्या वरच्या वाडीत. तीन म्हशी, भाताची दोन खाचरं, बायको मंजुळा. एक मुलगी, ती पोलादपूरला दिलेली. सकाळी म्हशींचं उरकून तो पायवाटेने खाली उतरायचा आणि एसटीने बिरवाडीच्या नाक्यावर येऊन तिथून कंपनीपर्यंत चालत जायचा. वय चोपन्न. अठ्ठावन्नला निवृत्ती, म्हणजे चार वर्षं उरली होती, आणि ही चार वर्षं कशी काढायची याचीच त्याला धास्ती होती. कारण धोंडूला नीट दिसत नव्हतं.

दोन वर्षं झाली होती त्याला. आधी लांबचं फिकट झालं, मग जवळचं. एसटीची पाटी वाचता येईना, म्हणून तो कंडक्टरच्या आवाजावरून गाडी ओळखायला लागला. कंपनीत दरवर्षी डॉक्टर यायचा आणि कँटीनच्या भिंतीवर आकड्यांचा तक्ता टांगून एकेकाचे डोळे तपासायचा. आणि दरवर्षी तोच तक्ता आणायचा! धोंडूने तो पाठच करून टाकला होता. डॉक्टर काडी कुठल्या ओळीवर ठेवतो तेवढं दिसलं की पुढचं घडाघडा म्हणायचं. "उत्तम," असं डॉक्टर लिहून द्यायचा आणि धोंडू वर्षभरासाठी सुटायचा. हाताने तपासायची सवय त्याला पहिल्यापासून होती, पण आता सगळा भरवसा हातावरच येऊन बसला होता.

अशात दोन हजार सात सालच्या श्रावणात कंपनीत ते मशीन आलं.

मशीन आणलं सुहासने. सुहास म्हणजे गोडाऊनचा नवा अधिकारी, पुण्याला शिकून आलेला, अठ्ठावीस वर्षांचा. बोलायला गोड, पण घाईचा. त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि पिस्तुलासारखी मूठ असलेला तो स्कॅनर हातात धरून समजावलं की, आता प्रत्येक पिंपावर काळ्या रेघांचं स्टिकर लागेल. या रेघांवर मशीन धरून खटका दाबला की टिट् असं वाजेल, पिंपाचा नंबर आत जाईल आणि त्याच दमात पिंपाचा फोटोही निघेल. संध्याकाळी ते सगळे फोटो कॉम्प्युटरवरून मुंबईच्या ऑफिसात. माल घेणाऱ्याला आपलं पिंप कसं निघालं ते तिथे बसून बघता येईल.

धोंडूच्या डोक्यात काही शिरेना. नंबर आत जातो म्हणजे कुठे जातो? रेघांत नंबर असेल तर तो कुणाला वाचता का येत नाही? आणि फोटो! लग्नात नवरानवरीचा फोटो काढतात, एकवेळ शाळेतल्या पोरांचा काढतात, पण पिंपाचा? सगळी पिंपं सारखी. मुंबईचा माणूस ती बघून करणार काय? ही शंका त्याने सुरेखाला विचारली. सुरेखा बिरवाडीची, कंत्राटावर कामाला. नवरा वारलेला, दोन मुली शाळेत. पिंपांची झाकणं मोठ्या पान्याने आवळायची आणि स्टिकर लावायची हे तिचं काम, आता स्कॅनरही तिच्याच हातात दिला होता. ती म्हणाली की तिलाही नाही कळत, पण टिट् वाजलं आणि हिरवा दिवा लागला की झालं. धोंडूने ते मान्य केलं, कारण दुसरं करणार काय!

कामाची पद्धत मात्र अडली. धोंडू पिंपावर हात टेकून उभा असतानाच सुरेखा मशीन रोखायची. "दादा, हात काढा, फोटोत येतो," असं तिने पहिल्या आठवड्यात शंभरदा सांगितलं असेल. धोंडू बिचारा काढायचा, पण हात टेकल्याशिवाय त्याच्या तोंडून "जाऊ दे" निघायचंच नाही, आणि पुढच्या पिंपाला हात पुन्हा तिथेच. शेवटी सुरेखाने नाद सोडला. स्टिकर दिसल्याशी मतलब, हात असला तर असला.

खंडेनवमी त्या साली शनिवारी आली. कारखान्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, आणि गोडाऊनमधली पूजा नेहमी धोंडूच्या हातची, सगळ्यांत जुना म्हणून. ट्रॉली, वजनकाटा, सुरेखाचा पाना, माल उचलायची गाडी, सगळं पुसून ओळीने मांडलं. झेंडूच्या माळा घातल्या. मग कुणीतरी विचारलं, या नव्या मशीनचं काय? ते हत्यार आहे का? धोंडू म्हणाला की ज्याच्या जिवावर भाकरी मिळते ते सगळं हत्यारच. झालं, स्कॅनरही पाटावर आला.

धोंडूने सगळ्या वस्तूंना ओलं कुंकू लावलं. ट्रॉलीला दांड्यावर, काट्याला माथ्यावर. स्कॅनरपाशी तो थबकला. याचं कपाळ कुठलं म्हणायचं? त्याने मशीन तोंडाजवळ धरून अंगठ्याने चाचपलं. पुढच्या बाजूला, लाल उजेड येतो त्या फटीच्या खाली, अंगठा बरोब्बर बसेल अशी एक छोटीशी गोल खळी लागली. जणू टिळ्यासाठीच ठेवलेली. त्याने तिथे अंगठा दाबून टिळा लावला, वर अक्षता चिकटवल्या आणि नमस्कार केला. नारळ फुटला, खोबरं वाटलं. थोड्या वेळाने ट्रक लागला तेव्हा सुरेखाने स्कॅनर फडक्याने वरवर पुसला आणि काम सुरू झालं. ऐंशी पिंपं, ऐंशी वेळा टिट्, ऐंशी वेळा "जाऊ दे." ट्रक न्हावाशेवाच्या बंदराकडे गेला आणि सगळे दसऱ्याला घरी.

सोमवारी अकराच्या सुमाराला सुहासने धोंडूला आणि सुरेखाला आत बोलावलं. त्याचा चेहरा उतरलेला होता. मुंबईहून फोन आला होता की सगळी पिंपं गळतायत. माल बंदरावर अडवून ठेवलाय. त्याने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि एकामागून एक फोटो दाखवले. सुरेखाने तोंडावर हात ठेवला. धोंडूलाही दिसलं, म्हणजे पिंप नाही दिसलं, पण तांबडं दिसलं. निळ्यावर तांबडं पसरलेलं. पहिल्या फोटोत तांबडं, दुसऱ्यात तांबडं, दहाव्यात तांबडं. पिंपातलं पाणीही त्याच रंगाचं.

"हात कोरडा होता, साहेब," धोंडू म्हणाला.

"काका, तुमचा हात कोरडा होता हे मी मुंबईला कसं पाठवू?" सुहास म्हणाला. "त्यांच्याकडे फोटो आहे."

सुहास पुढे म्हणाला की बंदरावरचा माणूस उद्या सकाळी प्रत्येक पिंप उघड्यावर काढून बघणार आहे, पण मुंबईवाले तोवर थांबायला तयार नाहीत. उद्या अकरापर्यंत त्यांना लेखी हवंय, चूक कुणाची. झाकणं सुरेखाने आवळली, तेव्हा तिचंच नाव द्यावं लागेल. ती कंत्राटावरची, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिला गेटवर अडवणार. सुरेखा बाहेर गेली आणि आपला पाना घेऊन, शनिवारी न गेलेल्या पिंपांची झाकणं एकेक करून पुन्हा आवळत बसली.

धोंडूचं डोकं पार गरगरलं. एसटीतून तो घरी कसा आला हे त्याला कळलं नाही. एखाददोन गळाली असती तर ठीक, माणसाचा हात चुकतो. पण ऐंशीच्या ऐंशी? ऐंशी पिंपं गळत असताना ऐंशी वेळा त्याचा हात कोरडा कसा राहिला? आणि समोर एवढा लाल डाग असताना आपल्याला तो दिसला कसा नाही? मशीनला दिसला, मुंबईच्या माणसाला तिथे बसून दिसला, आणि दोन वितींवर उभ्या धोंडूला नाही!

घरी आल्यावर त्याने चूळ भरली, पण चहा घेतला नाही. मंजुळा ओटीवर भाजी निवडत होती. तो तिच्या समोर बसून तिच्या तोंडाकडे बघायला लागला. तिच्या कपाळावरचं कुंकू त्याला पार भुवयांपर्यंत पसरलेलं दिसलं.

"तुजं कुकू फिसकटलंय गो," तो म्हणाला.

तिने बोटाने चाचपलं. कुंकू होतं तसं होतं, गोल.

धोंडू उठला आणि मोरीवरचे हंडे-कळश्या एकेक करून चाचपायला लागला. बुडाखालून हात फिरवायचा, पुढचा उचलायचा. तिसऱ्या कळशीशी त्याचा हात थांबला. ही पाझरते, तो म्हणाला. मंजुळाने कळशी पालथी केली, उजेडाकडे धरली, आणि खरंच बुडाच्या सांध्याला सुईच्या टोकाएवढं भोक निघालं. म्हणजे हात शाबूत होता! मग तर धोंडू आणखीच गोंधळला. हात म्हणतो कोरडं, फोटो म्हणतो ओलं, आणि डोळे तर काही म्हणायच्या लायकीचे राहिले नाहीत. तिघांतला खोटा कोण? फोटो कशाला खोटं बोलेल, त्याला काय घरदार आहे, की पेन्शन बुडायचीय? आणि डोळ्यांबद्दल तर काही बोलायलाच नको. मग राहिला हात. कोण जाणे, त्या तांबड्या पाण्याला बावीस वर्षांत हात सरावला असेल आणि ते लागूनही लागल्यासारखं वाटत नसेल.

त्याने मंजुळाला सगळं सांगितलं. मशीन, फोटो, सुरेखा. डोळ्यांचं सांगताना मात्र त्याची जीभ अडखळली.

"ते मला ठावं हाय," मंजुळा म्हणाली. "दोन वर्सं झाली. तुमी सांगाल म्हनून गप ऱ्हायले."

धोंडूला काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. लाज वाटली, आणि एवढं जपलेलं गुपित बायकोला पहिल्या दिवसापासून माहीत होतं याचा थोडा रागही आला. मंजुळाने कळशी बाजूला ठेवली. नोकरी गेली तर म्हशी आहेत, भात आहे, आपण दोघांनी किती खायचं, असं ती म्हणाली. त्या बाईला पोरी आहेत, असंही म्हणाली. एवढं बोलून ती आत गेली आणि धोंडूला काय करायचं ते कळलं, पण ते करावंसं अजिबात वाटेना.

मंगळवारी तो दहालाच सुहासच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. सुहास मुंबईला पाठवायचा कागद लिहीत होता. सुरेखा दाराशी होती. धोंडूने गळ्यातला टॉवेल काढून हातात घेतला आणि एका दमात बोलला.

"सुरेखाचं नाव घालू नका, साहेब. झाकनं ती घट्टच लावते. बगायचं काम माझं, आनि मला दिसत नाय. दोन वर्सं झाली. डॉक्टरचा तक्ता माझा पाठ हाय."

सुहासने पेन खाली ठेवलं. तो कधी धोंडूकडे बघायचा, कधी कागदाकडे. काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. बंदरावरचा माणूस होता. सुहास नुसता हं हं करत राहिला आणि त्याने फोन ठेवला. मग म्हणाला की त्या माणसाने सकाळी ऐंशी पिंपं उताणी-पालथी करून बघितली. एकही गळत नाही. एकावरही डाग नाही. सगळी कोरडी ठणठणीत.

सुरेखा दारातून आत आली. धोंडूला मात्र आनंद व्हायच्या आधी स्वतःचाच राग आला. हात खरा होता! बावीस वर्षांचा हात खरा होता, आणि आपण मूर्खासारखं सगळं बोलून बसलो. हा फोन पाच मिनिटं आधी आला असता तर? पण बोललेलं काही टॉवेलने पुसता येत नाही. नोकरीची उरलेली चार वर्षं गेली ती गेलीच.

पण मग डाग आला कुठून? सुहासने स्कॅनर उचलला, भिंतीवर रोखला आणि खटका दाबला. पांढऱ्या भिंतीच्या फोटोत लाल डाग. त्याने आपल्या तळहाताचा फोटो काढला, तिथेही लाल डाग. आता तिघंही बुचकळ्यात पडले. सुरेखाने मशीन हातात घेऊन उलटं केलं, उजेडाकडे धरलं आणि नखाने पुढची छोटी गोल खळी खरवडली. वाळलेल्या कुंकवाची पूड तिच्या नखात आली, आणि त्यात अडकलेला अक्षतेचा अर्धा दाणा.

"इथनंच फोटो निघतो," ती हळूच म्हणाली. "काच हाय ही."

धोंडूने पुढे होऊन ती खळी अंगठ्याने चाचपली. हीच ती. अंगठा बरोब्बर बसला. काच! मशीनच्या डोळ्यातच त्याने टिळा भरला होता. डोळस माणसाला काच दिसली असती आणि त्याने कुंकू मुठीवर लावलं असतं. म्हणजे फिरून फिरून दोष डोळ्यांचाच. धोंडूने ते मुकाट्याने कबूल केलं. हसावं की रागवावं हे सुहासला कळेना. त्याने शेवटी दोन्ही टाळलं, कागद फाडला आणि मुंबईला खुलासा पाठवण्यासाठी कॉम्प्युटरवरचे फोटो पुन्हा एकदा पहिल्यापासून काढले.

आठ-दहा फोटो झाल्यावर तो थांबला. मागे गेला. पुन्हा पुढे आला.

"काका, इकडे या," तो म्हणाला. "काल आपण सगळे डागच बघत बसलो. हे बघा ना, प्रत्येक फोटोत हात आहे."

धोंडू पडद्यावर नाक टेकेल इतका वाकला. त्याला निळं दिसलं, तांबडं दिसलं, बाकी धुकं. "कुटं हाय?" त्याने विचारलं. सुरेखाने त्याचं बोट धरून पडद्याच्या कोपऱ्यावर टेकवलं आणि म्हणाली, हा बघा, पिंपावर टेकलेला, अंगठ्याला कुंकू लागलेलं. सुहास एकेक फोटो पुढे सरकवत गेला. धोंडूचं बोट तिथेच, आणि सुरेखा प्रत्येक वेळी म्हणायची, हाय. हाय. हाही हाय.

"तुमचा हात मुंबईला कसा पाठवू, असं विचारलं होतं मी," सुहास म्हणाला. "ऐंशी वेळा गेलाय, काका."

धोंडूने बोट पडद्यावरून काढलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि आधीच धूसर दिसणारं आणखी धूसर झालं. सुहासने चिठ्ठी लिहिली. तक्त्यावरचं नाटक बंद, दिवाळी झाली की महाडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, मोतीबिंदू असेल तर काढून घ्यायचा, रजा मी देतो, आणि परत कामावर यायचं. धोंडूने चिठ्ठी घेतली, पण ती हातात धरून तो तसाच उभा राहिला. शेवटी कसंबसं विचारलं, "तोवर कोन बगल पिंपं?"

"बघत होतं कोण इतके दिवस?" सुहास म्हणाला. "तुम्हीच. फक्त माल उचलायच्या गाडीच्या वाटेत उभं राहायचं नाही, आणि मशीनला हात लावायचा नाही."

दुपारी दुसरा ट्रक लागला. सुरेखाने ती गोल काच आधी ओल्या कापसाने आणि मग पदराने पुसली. धोंडूने पहिल्या पिंपाचं झाकण चाचपलं, बुडाची कड चाचपली आणि पिंपावर हात टेकला. सुरेखाने मशीन रोखलं. फोटोचं ध्यानात येऊन धोंडूने चटकन हात मागे घेतला.

"काढू नका, दादा," ती म्हणाली. "ठेवा."